शेल्फवर 599, बिलात 655: अशा वेळी काउंटरवर तुम्ही काय करता?

कोथिंबीरजुडी, कर्वेनगर

नमस्कार मंडळी. विषय किराण्याचा आहे. 'एवढ्याशा गोष्टीसाठी धागा?' म्हणणाऱ्यांनी कृपया शेजारच्या धाग्यावर जावं, तिकडे मेट्रोवरून जुंपली आहे.

आमची महिन्याची यादी सासूबाईंच्या काळापासून गल्लीतल्या वाण्याकडे जाते. आधी पाठकोऱ्या कागदावर जायची, आता व्हॉट्सॲपवर जाते, एवढाच फरक. मध्यंतरी कोपऱ्यावर एक मोठं सुपरमार्केट झालं. एसी, ट्रॉल्या, तेलावर सूट. नाव घेत नाही, कारण माझं भांडण त्या एका दुकानाशी नाही, पद्धतीशी आहे. मुलांच्या आग्रहानं (खरं तर नवऱ्याच्या, त्याला ट्रॉली ढकलायला आवडते) अर्धी यादी तिकडे वळली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

आधी तुपाचं सांगते. गणपतीचं म्हणून एक लिटरचा डबा घेतला. शेल्फवर पिवळी पट्टी: एमआरपी 690, आमची किंमत 599. काउंटरवर आधी मोबाईल नंबर. म्हटलं, नंबर नाही द्यायचा. तर म्हणे त्याशिवाय बिल सुरूच होत नाही. दिला. तूप स्कॅन झालं, 655. मी म्हटलं, 'अगं, तिकडे 599 लिहिलंय.' मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'मॅडम, सिस्टीमला हेच येतंय.' बरं, मग तूप काढून टाक. 'सुपरवायझरला बोलवावं लागेल.' सुपरवायझर कुठे? 'येतायत.' मागे ही रांग. एक गृहस्थ म्हणाले, 'ताई, घेऊन टाका ना, वरचे छप्पन रुपये मी देतो.' म्हणजे चूक दुकानाची आणि रांगेत चिंगूस ठरले मी! शेवटी सुपरवायझर आले, पट्टी बघून आले, 'जुनी ऑफर आहे, पट्टी काढायची राहिली' म्हणाले, गळ्यातलं कार्ड मशीनला लावून तूप बिलातून उडवलं आणि निघून गेले. 'सॉरी' वगैरे काही नाही. पट्टीचा फोटो मात्र मी काढून ठेवलाय.

दुसरं प्रकरण त्याच्या आधीचं, रव्याचं. श्रावणातल्या सत्यनारायणासाठी तिथूनच बारीक रवा आणला होता. पूजेच्या दिवशी सकाळी पाकीट कापून परातीत ओतलं तर गोळे गोळे. एक गोळा बोटानं फोडला, तर आत पांढरट जाळी आणि जाळीत वळवळणारी अळी. पॅकिंगची तारीख जूनची, मुदत संपायला अजून अवकाश. गुरुजी नऊला येणार. तशीच चप्पल सरकवून वाण्याकडे गेले. शटर अर्धंच वर होतं, काका उदबत्ती फिरवत होते. 'प्रसादाचा ना? थांबा, परवा फोडलेल्या पोत्यातला देतो.' रवा कागदावर ओतला, बोटानं पसरला, मला दाखवला, मग तोलला. पैसे? 'महिन्याच्या हिशोबात बघू.'

नंतर ते अळ्यांचं पाकीट बिलासकट सुपरमार्केटात नेलं. उत्तर: 'फोडलेलं पाकीट परत घेत नाही, पॉलिसी आहे.' मी विचारलं, न फोडता अळ्या कशा दिसायच्या, एक्स-रे काढायचा का? 'ते मला नाही सांगता येणार मॅडम.' मुलगा बिचारा खरंच बोलत होता. त्याला काहीच ठरवता येत नव्हतं. माझा मुद्दा हाच आहे की एवढ्या मोठ्या दुकानात 'ठीक आहे, घ्या बदलून' म्हणायचा अधिकार असलेलं माणूसच समोर नसतं. वाण्याकडे ते माणूस गल्ल्यावरच बसलेलं असतं.

वाणीकाका संत आहेत असं नाही. बिल मागितलं की 'घरचं दुकान आहे, बिल कशाला', सुट्टे नसले की दोन रुपयांच्या जागी गोळ्या, आणि बदामाला मागच्या महिन्यात काय भाव लावला होता ते त्यांना कधी आठवत नाही.

तर सांगा, पट्टीवरच्या भावात वस्तू द्यायला ते बांधील आहेत का? फोडलेल्या पाकिटाचं काय? आणि काउंटरवर मागे रांग असताना नेमकं काय बोलायचं, की काम होईल आणि तमाशाही होणार नाही?

शॉर्टकट, बाणेर

सगळं ॲपवरून मागवा. दहा मिनिटांत दारात. खराब निघालं की फोटो टाका, पैसे परत. कुणाशी बोलायलाच नको. विषय संपला.

कोथिंबीरजुडी, कर्वेनगर

@शॉर्टकट, मेथीच्या जुडीचा फोटो टाकून पाहिला आहे. पैसे आले, मेथी नाही आली, आणि पाहुणे जेवायला बसले होते. शिवाय आमच्या सासूबाईंना साबुदाणा हातात घेऊन बघितल्याशिवाय चालत नाही. विषय चालू ठेवते.

काउंटर नंबर चार, हडपसर

ताई, मी कॉलेज करता करता एका सुपरमार्केटला बिलिंगला होतो. तुमच्या त्या मुलीच्या बाजूनं थोडं सांगतो, रागावू नका.

रेट आम्ही टाकत नाही. तो वरून, हेड ऑफिसातून बदलतो, बहुतेक वेळा रात्रीत. पट्ट्या मात्र सकाळी प्रिंट काढून फ्लोअरवरच्या पोरांनी हातानं बदलायच्या. शनिवार-रविवारची ऑफर संपली की सोमवारी सकाळी शेकड्यानं पट्ट्या बदलायला लागतात आणि पोरं असतात दोन, त्यातलं एक ट्रकवरचा माल उतरवायला गेलेलं. म्हणून घोळ सगळ्यात जास्त सोमवारी आणि एक तारखेला. आमच्याकडे असंच होतं, बाकीकडचं मी सांगू शकत नाही.

स्कॅन झालेली वस्तू कॅशियरला काढता येत नाही, कारण तिथूनच चोरी होते. गिऱ्हाइकासमोर स्कॅन करायचं, मग गुपचूप डिलीट मारायचं आणि पैसे खिशात. म्हणून डिलीटला सुपरवायझरचं कार्ड लागतं, आणि महिन्याअखेर कुणाच्या काउंटरवर किती डिलीट झाले त्याचा रिपोर्ट निघतो. जिच्या काउंटरला जास्त, तिला केबिनमध्ये बोलावणं. मग ती पोरगी सुपरवायझरला हाक मारायलाच टाळाटाळ करते. गल्ला कमी भरला तर आमच्याकडे पगारातून कापायचे. आठ-नऊ तास उभं राहायचं ते वेगळंच. केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देण्याचा कायदा केला, हे मी नोकरी सोडल्यावर वाचलं आणि आईला वाचून दाखवलं.

आता कामाचं. पट्टीवर बारीक अक्षरात ऑफरची तारीख आणि वस्तूचा कोड असतो. कोड डब्यावरच्या बारकोडखालच्या आकड्यांशी जुळवून बघा. कैकदा पट्टी शेजारच्या अर्ध्या लिटरच्या डब्याची किंवा दुसऱ्या कंपनीची असते, गिऱ्हाईक सरकवून ठेवतं. ज्याच्यावर शंका आहे ती वस्तू काउंटरवर सगळ्यात आधी ठेवा, शेवटी नाही. 'आधी याचा रेट बघून सांग, मग बाकीचं' म्हणा. पहिलीच वस्तू असली की बिल थांबवणं सोपं जातं, मागची रांगही एवढी तापत नाही. आणि पैसे द्यायच्या आत बोला. एकदा पेमेंट झालं की तो 'रिटर्न' होतो, त्याचं टेबल वेगळं, माणूस वेगळा, आणि तो हमखास जेवायला गेलेला असतो.

आणखी एक. कंपनीचा एप्रन घालून 'हे घ्या मॅडम, यावर ते फ्री' सांगणाऱ्या बायका बऱ्याचदा दुकानाच्या नसतात, कंपनीच्या असतात. त्यांना भावाचं विचारून उपयोग नाही.

पोतं आणि तागडी, धनकवडी

आमचं किराणा दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. वाणीकाकांचं कौतुक वाचून बरं वाटलं, पण त्यात आमचा हिशोबही असतो, तो सांगतो.

कंपनीचं पाकीट खराब निघालं तर बऱ्याच वेळा एजन्सीचा माणूस ते डॅमेजमध्ये परत नेतो आणि पुढच्या बिलात वळतं करतो. सगळ्या कंपन्या करत नाहीत, आणि ज्या करतात त्याही रखडवतात. सुटा माल आम्ही मार्केटयार्डातून भुसार बाजारातून उचलतो, तो खराब निघाला तर आमच्या बोकांडी. तरी बदलून देतो. का? अर्धा किलो रव्यात मिळतात दोन-चार रुपये. पण त्या घरची महिन्याची यादी चार-पाच हजारांची असते. पंचवीस रुपयांच्या रव्यासाठी ती यादी घालवणारा वाणी दुकान काय चालवणार? यात थोरपणा काही नाही.

रव्याबद्दल: पावसाळ्यात हवेतला दमटपणा ओढून रवा, मैदा, बेसन लवकर जाळी धरतात. अंडी बहुतेक वेळा गिरणीतून किंवा गोदामातूनच आलेली असतात, उबदार आणि दमट हवा मिळाली की फुटतात. म्हणून जूनचं पॅकिंग आणि श्रावणात अळ्या यात मला नवल वाटत नाही. आषाढापासून आम्ही रव्याचं अख्खं पोतं घेतच नाही, लागेल तसा थोडा थोडा उचलतो. घरी आणल्या आणल्या कोरडा भाजून, पूर्ण गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. भाजायचा नसेल तर फ्रीजमध्ये. गरम रवा डब्यात भरलात तर वाफ धरून उलट लवकर खराब होईल.

बिलाचं म्हणाल तर टोमणा मान्य. मालाची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, पण साधं छापील बिल द्यायला कुणी अडवलेलं नाही. आमच्याकडे मुलीनं संगणक बसवल्यापासून बिल देतो. गिऱ्हाईक ते दारातच टाकून जातं. संध्याकाळी झाडताना आमचीच बिलं आम्हीच गोळा करतो.

आणि एक सांगू का? तेल-तूप-डिटर्जंट तिकडच्या ऑफरमध्ये घ्यायचं आणि रात्री साडेनऊला विरजणापुरतं दही हवं म्हणून आम्हाला उठवायचं, हेही चालू असतं. बोलत नाही आम्ही.

नांदेडची, सध्या कोथरूड

वरचं सगळं वाचलं. पटलंही. पण तुमचा वाणी तुमचा आहे, कारण तुमच्या सासूबाईंचा आहे. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये चार मुली राहतो. कोपऱ्यावरच्या दुकानात मी आधी आलेली असते, मागून एखाद्या काकू येतात, दुकानदार माझ्या डोक्यावरून त्यांना विचारतो, 'काय देऊ वहिनी?' मला अर्धा किलो तांदूळ हवा असतो म्हणून मी गिऱ्हाइकातच नाही. सॅनिटरी पॅड मागितले की चार माणसांदेखत वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, दुसरीकडे बघत हातात देणार. आणि परत करायला गेलं तर 'आमच्याकडचं नाहीये हे'. यादी चार-पाच हजारांची नाही ना आमची!

सुपरमार्केटात मला कुणी ओळखत नाही. हेच मला बरं वाटतं. कितीही वेळ शॅम्पूची बाटली वाचत उभं राहा, कुणी काही म्हणत नाही.

निवृत्त ग्राहक, सदाशिव पेठ

चर्चा छान चालली आहे, कायद्याचं थोडं घालतो. अखिल भारतीय ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये याच पुण्यात सुरू केली, आणि त्याच पुण्यात आज लोक छप्पन रुपयांसाठी बोलायला लाजतात याचं वाईट वाटतं. रांगेतल्या त्या गृहस्थांना सांगा, छप्पन रुपये ठेवा तुमच्याकडे, पट्टी बदलायला लावा.

एक. 655 हे एमआरपीच्या आत आहे, त्यामुळे 'एमआरपीपेक्षा जास्त घेतले' ही तक्रार इथे बसणार नाही. मात्र किमतीबाबत गिऱ्हाइकाची दिशाभूल करणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्या क्षणी 599 लाच डबा पदरात पडेल असं नाही, पण पट्टीचा फोटो आणि बिल हाताशी असेल तर तक्रारीला आधार आहे. आपण तूप घेतलंच नाहीत, त्यामुळे नुकसानभरपाई विसरा. पण 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. दुकानाकडे विचारणा जाते आणि बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं.

रवा. इथे आपली बाजू भक्कम आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या याच कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं अनुचित प्रथा मानलं आहे. बिलावर परतीची मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिली नसेल तर तीस दिवसांत. 'फोडलेलं घेत नाही' ही पाटी कायद्याच्या वर नाही. शिवाय अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 मध्ये अळ्या, सोंडे, किडे पडलेलं अन्न 'असुरक्षित अन्न' या व्याख्येतच येतं. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्याआधी पाकिटाची मागची बाजू बघा: तक्रारीसाठी संपर्काचं नाव, पत्ता, फोन, ईमेल छापणं पाकीटबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनी बंधनकारक आहे. दुकानाशी हुज्जत घालण्याआधी तिथे फोन करावा, असा माझा अनुभव. बॅच नंबर तयार ठेवा, तो विचारतातच.

मोबाईल नंबर. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे 2023 मध्येच किरकोळ विक्रेत्यांना बजावलं आहे की नंबर दिला नाही म्हणून विक्री नाकारू नका. 'नंबर नाही देणार, बिल करा' एवढंच म्हणायचं. कारण सांगत बसू नये.

ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते. रव्यासाठी मी जाणार नाही. तुपासाठी कदाचित गेलो असतो, पण मी तसलाच आहे, घरचे सांगतील.

@पोतं आणि तागडी, आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक काट्याची वार्षिक पडताळणी झाल्याचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असेलच. विचारलं आपलं.

पोतं आणि तागडी, धनकवडी

@निवृत्त ग्राहक, आहे काका. देवाच्या फोटोशेजारी आहे. या कधीही.

कोथिंबीरजुडी, कर्वेनगर

सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहिते.

पाकिटामागच्या नंबरवर फोन केला. बाईंनी खरंच पहिला प्रश्न बॅच नंबरचा विचारला, मग फोटो मागवला, आणि आठवड्यात दोन पाकिटं कुरिअरनं घरी. त्यांच्याकडून 'क्षमस्व' लिहिलेलं पत्रही आलं. सासूबाईंनी पाकिटं उघडायच्या आधीच भाजायचं फर्मान काढलं आहे.

तीस दिवसांचं वाक्य मी फोनमध्ये टाइप करून ठेवलं आणि सुपरमार्केटच्या टेबलावर गेले. तिथल्या मुलाला वाचून दाखवलं नाही, 'मॅनेजरला बोलवाल का, तुमच्या हातात नाही हे मला माहीत आहे' एवढंच म्हटलं. (हे @काउंटर नंबर चार यांच्यामुळे सुचलं, नाहीतर मी त्यालाच झापलं असतं.) मॅनेजर आले, त्यांनी वाचलं, 'कंपनीनं बदलून दिलंय ना मॅडम, मग आता काय?' म्हणाले. मुद्दा बिनतोड होता! मी म्हटलं, मला पैसे नकोत, ती 'फोडलेलं घेत नाही'ची पाटी काढा. वरून विचारावं लागेल म्हणाले. म्हणजे तेही तसेच, त्यांच्याही वर कुणीतरी आहे. पाटी अजून आहे. तुपाची पट्टी मात्र बदलली, आता 655 आहे. 1915 वर नोंद केली आहे, नंबर मिळाला, पुढे काय होतं बघू.

@नांदेडची, तुझं वाचून वाणीकाकांकडे गेले तेव्हा मुद्दाम बाजूला उभी राहिले. एक मुलगी आधीपासून थांबली होती. काकांनी मला विचारलं, 'बोला वहिनी.' मी म्हटलं, त्यांचं आधी. काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू ती आत्ताच उगवली. तिला मॅगी आणि दोन अंडी हवी होती. तू म्हणतेस ते खरं आहे.

यादी सध्या तरी तेल आणि साबण तिकडे, बाकी सगळं काकांकडे. आणि बिल मागायला लागले आहे. सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर लिहून देतात, खाली सहीसकट.

शॉर्टकट, बाणेर

काकांकडे इंद्रायणी मिळतो का? ॲपवरचा फार चिकट होतोय.

पोतं आणि तागडी, धनकवडी

@शॉर्टकट, नवा असेल तो. मावळातला माल दिवाळीच्या आगेमागे येतो, नव्याला पाणी कमी लागतं. नेहमीपेक्षा अर्धी वाटी कमी घालून बघा. जुना हवा असेल तर दुकानात विचारून घ्या, वास घेऊन बघू देतो आम्ही.